गाडीत पाणी शिरले कोठून?

अंबरनाथ, प्रतिनिधी

सलग चार दिवस पाऊस पडून गेल्यावर इमारतीच्या आवारात उभी असलेली गाडी उघडावी, तर आधी नाकाला कुबट वास जाणवतो. पायाखालची मॅट उचलली की खालचा गालिचा ओला लागतो. कोणी तो जुन्या वर्तमानपत्रांनी टिपून काढतो, कोणी सुगंधी डबी आणून लावतो, तर कोणी दरवाजा नीट लागला नसेल अशी मनाची समजूत घालतो. पुढची मोठी सर येते आणि गालिचा पुन्हा ओला होतो. ही गळती थांबत नाही, कारण पाणी जिथे दिसते तिथेच तिचा शोध घेतला जातो. प्रत्यक्षात पाणी आत शिरण्याची जागा आणि ते साचण्याची जागा क्वचितच एक असते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याचे पावसाशी नाते जवळचे आणि तितकेच धास्तीचे आहे. उल्हास नदी बदलापूरला वळसा घालून कल्याणकडे जाते, तर वालधुनी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरच्या भरवस्तीतून पुढे सरकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या वेळी या दोन्ही नद्यांनी पात्र सोडले होते. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा दिवशी गाड्या बुडतात, त्याची बातमी होते आणि छायाचित्रेही छापून येतात. मात्र एरवीच्या पावसात वाटी-दोन वाट्यांनी आत झिरपणारे पाणी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि अनेक गाड्यांची खरी हानी तेच करते.

नुकसान कशाचे?

गालिच्याखाली फोमचा किंवा दाबलेल्या धाग्यांचा जाड थर असतो. तो स्पंजाप्रमाणे काही लिटर पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडा भासतो. त्याखालचा पत्रा मात्र ओलाच राहतो व आतून गंजू लागतो. बाहेरचा गंज धुताना, पुसताना दिसतो. हा गंज जमिनीला भोक पडेपर्यंत कळत नाही.

दुसरा धोका विजेच्या जोडण्यांचा. आजच्या मोटारींत वायरिंगचे मोठे जुडगे दरवाजाच्या उंबरठ्यालगत, गालिच्याखालूनच जाते. अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारा भाग गिअरच्या दांड्याजवळ, जमिनीलगतच असतो. १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. त्यामुळे आता प्रश्न केवळ वासाचा किंवा गंजाचा राहिलेला नाही. ओलाव्याने जोडणीवर हिरवट क्षार चढले की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि असा दिवा लागलेल्या गाडीत अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेल याची शाश्वती देता येत नाही. याखेरीज बंद गाडीत वाढणारी बुरशी दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्रासदायक ठरते, ते वेगळेच.

आधी पाणी ओळखा

गळती शोधण्याची पहिली पायरी म्हणजे आत आलेले पाणी कोणते, हे ठरवणे. ते चार प्रकारचे असू शकते आणि प्रत्येकाची वेळ निराळी असते.

पावसाचे पाणी सरीनंतर किंवा गाडी धुतल्यानंतरच दिसते. त्यात धूळ, बारीक माती, क्वचित पानांचे तुकडे असतात.

एअर कंडिशनरचे पाणी स्वच्छ, थंड आणि वासरहित असते. कोकणच्या दमट हवेत एसी तासभर चालला तर अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी सहज निघते. एरवी ते एका रबरी नळीवाटे गाडीखाली ठिबकते. उन्हाळ्यात, पाऊस नसतानाही पुढच्या डाव्या आसनासमोरचा गालिचा भिजत असेल आणि एसी लावूनही गाडीखाली थेंब दिसत नसतील, तर ही नळी तुंबली किंवा निसटली असे समजावे.

कूलंट हे इंजिन थंड ठेवणारे रंगीत द्रव्य. ते बोटांना किंचित बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुके धरते आणि बॉनेटखालच्या टाकीतील पातळी कमी होत जाते. पाऊस नाही, एसी बंद आहे, तरीही आत ओल येत असेल तर हाच संशय घ्यावा. कूलंट विषारी असते. त्याच्या गोडसर चवीमुळे पाळीव प्राणी ते चाटतात, म्हणून ते त्वरित पुसून काढावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

रस्त्यावरचे पाणी साचलेल्या डबक्यातून गाडी नेल्यानंतरच आत येते. त्याची वाट बहुधा खालून असते.

चार दिवस एक साधी नोंद ठेवली, म्हणजे पाऊस होता का, एसी लावला होता का, गाडी साचलेल्या पाण्यातून नेली का आणि नेमका कोणता कोपरा ओला होता, तर निम्मा शोध तेथेच संपतो.

पाणी उताराने चालते

पाणी छतातून शिरले तरी ते थेट खाली पडत नाही. छताच्या आतील कापडावरून ते खांबात उतरते, खांबातून उंबरठ्यात आणि तिथून जमिनीच्या सर्वांत खोलगट भागात जाते. गाडी उतारावर उभी असेल तर हा प्रवास आणखी लांबतो. इमारतीच्या उतरत्या आवारात रोज त्याच दिशेने तोंड करून उभी राहणारी गाडी मागच्या बाजूने ओली होते. पण पाणी शिरण्याची वाट पुढच्या काचेपाशी असू शकते. म्हणून तपासणीपूर्वी गाडी सपाट जागी आणावी आणि ओल दिसेल तिथून सुरुवात करून उलट, वरच्या दिशेने माग काढावा. खांबांवरील प्लॅस्टिकच्या पट्ट्या, छताच्या कापडाच्या कडा व डॅशबोर्डची खालची बाजू यांवर हात फिरवावा. वाळलेल्या पाण्याची पिवळसर रेघ हा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय.

शोध कसा घ्यावा?

या कामासाठी दोन माणसे, एक विजेरी, जुनी वर्तमानपत्रे, थोडी खडूची भुकटी आणि पाणी एवढे पुरते. पाण्यासाठी पाइपच हवा असे नाही. या शहरांत पाणी जपून वापरावे लागते; बादली आणि तांब्या यांनीही काम चोख होते, किंबहुना एका जागी थोडेच पाणी पडत असल्याने निदान अधिक अचूक येते. सर्व्हिसिंगच्या केंद्रावरील जोरदार फवारा मात्र टाळावा. सुस्थितीतील रबरातूनही तो पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो.

प्रथम मॅट काढून गालिचा शक्य तितका मागे दुमडावा आणि पत्रा कोरडा करावा. संशय असलेल्या जागी खडूची भुकटी भुरभुरावी. थेंब ज्या वाटेने जाईल ती वाट भुकटीत उमटते. एकाने आत विजेरी घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाणी ओतावे. ओतण्याची सुरुवात खालून करावी: आधी उंबरठा, मग दरवाजाची खालची कड, मग काचेची खालची कड, त्यानंतर काचेच्या बाजू आणि सर्वांत शेवटी छप्पर. प्रत्येक टप्प्यावर पाच ते दहा मिनिटे थांबावे. थेट छतावरून सुरुवात केल्यास पाणी एकाच वेळी सर्व फटींवरून ओघळते आणि दोषी फट कोणती, ते कळत नाही.

पाणी न वापरता करता येण्याजोग्या दोन चाचण्या आहेत. दरवाजाच्या रबरात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावावा आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सुटून आली तर त्या जागी रबराचा दाब कमी झाला आहे. दुसरी चाचणी अशी, की सर्व काचा बंद करून बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण वेगाने लावावा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जिथून हवा निसटते तिथे फुगे येतात.

नेहमीच्या जागा आणि त्यांचे उपाय

*वायपरखालची जाळी.* पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या काळ्या जाळीखाली पाण्याची पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची भोके. गुलमोहर, सोनमोहोर अशा झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत बारीक पाने, फुले आणि माती साचून ही भोके बुजतात. पन्हळ भरली की पाणी हवा आत घेणाऱ्या मार्गाने पंख्यात आणि तिथून पुढच्या आसनासमोर उतरते. पंखा लावताच पाणी खळखळल्याचा आवाज आला, तर दोष इथेच आहे. उपाय बिनखर्चाचा असून हाताने पाने काढून निचरा मोकळा करणे एवढाच आहे.

*दरवाजाच्या आतील प्लॅस्टिक.* दरवाजाच्या काचेवरून ओघळणारे पाणी दरवाजाच्या पोकळीत जातेच. तशीच रचना असते. ते खालच्या भोकांवाटे बाहेर पडावे आणि आतल्या बाजूला येऊ नये यासाठी पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काच वर-खाली करणारी यंत्रणा दुरुस्त करताना हा कागद फाडला जातो व पुन्हा चिकटवला जात नाही. मग प्रत्येक सरीत पाणी पॅडखालून उंबरठ्यावर येते. रबर बदलूनही थांबत नाही अशा गळतीच्या मुळाशी अनेकदा हाच फाटका कागद असतो. तो नव्याने सर्व कडांनी नीट चिकटवावा आणि दरवाजाच्या तळाची भोके काडीने मोकळी करावीत.

*पुढची काच.* मारुती ८००, अ‍ॅम्बॅसडर यांसारख्या जुन्या गाड्यांत काच रबरी चौकटीत बसवलेली असे. ते रबर उन्हाने कडक होऊन तडकते. नंतरच्या गाड्यांत काच चिकटद्रव्याने पत्र्याला जोडलेली असते. तडा गेल्याने काच बदलली आणि त्याच पावसाळ्यात गळती सुरू झाली, तर चिकटद्रव्याचा थर अखंड नाही किंवा त्याखाली गंज राहिला आहे असे समजावे. बाहेरून पट्टी लावून हा दोष जात नाही. काच काढून, जागा साफ करून ती पुन्हा बसवावी लागते, आणि चिकटद्रव्य पक्के होईपर्यंत बसवणाऱ्याने सांगितलेला वेळ गाडी उभी ठेवावी लागते.

*छप्पर.* सनरूफ असलेल्या गाडीत त्याभोवतीच्या पन्हळीचे पाणी कोपऱ्यांतील बारीक नळ्यांवाटे खांबांतून खाली जाते. नळी तुंबली की छताचे कापड ओले होते. अशा वेळी तार घालू नये, कारण आतील जोड सुटतो. हलकी हवा मारून नळी मोकळी करावी. अँटेना आणि सामानाचा कॅरियर यांचे स्क्रूही तपासावेत.

*डिकी.* स्टेपनीच्या खळग्यात पाणी आढळले तर मागच्या दिव्यांचे गॅस्केट, डिकीचे रबर, छताच्या सांध्यातील भेगा आणि मागच्या बंपरआड असलेली हवा बाहेर सोडणारी झडप या क्रमाने पाहावे. जवळच्या एका माणसाने डिकीत बसून, विजेरी लावून पाहणे ही उत्तम युक्ती आहे. मात्र मागचे आसन दुमडून आतून बाहेर पडण्याची वाट मोकळी असल्याशिवाय डिकी लावू नये.

*नंतर पाडलेली भोके.* नंतर सीएनजी किट बसवलेल्या गाड्या या भागात पुष्कळ आहेत. सिलिंडरची चौकट आवळण्यासाठी आणि नळी नेण्यासाठी डिकीच्या तळाला भोके पाडली जातात. त्यांभोवतीचे सील निघाले की चाकांनी उडवलेले पाणी सरळ आत येते आणि सिलिंडरच्या पट्ट्यांना गंज चढतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करून घेताना ही भोके आणि पट्ट्या आवर्जून दाखवाव्यात. गॅसच्या नळीला मात्र घरी हात लावू नये. जादा हॉर्न किंवा दिव्यांची वायर इंजिनाकडून आत आणताना निसटलेले रबरी बूच हीदेखील अशीच दुर्लक्षित जागा होय.

*एसीची नळी.* इंजिन आणि पायांची जागा यांच्यामधील पत्र्यातून ती बाहेर येते. टोकाशी साचलेली माती किंवा बुरशी काढून खालून हलकी हवा मारली की बहुधा पाणी वाहू लागते.

सीलंटचा मोह टाळा

फट दिसली की सिलिकॉनची नळी घेऊन ती बुजवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. बाजारातील साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यातील आम्ल उघड्या पत्र्याला गंजवते. नळाच्या जोडाला लावतात तशी कडक होणारी लांबी गाडीच्या हादऱ्यांनी तडकते. त्याहून वाईट म्हणजे निचऱ्याची भोकेच चुकून बुजवली जातात आणि बाहेर जाणारे पाणी आत अडकते. गाडीच्या पत्र्यासाठी मिळणारे लवचिक पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. जागा कोरडी व गंजमुक्त केल्यानंतर, आणि शक्य तिथे पाणी येते त्या बाहेरच्या बाजूने, ते लावावे. दुरुस्तीनंतर हीच पाण्याची चाचणी पुन्हा केल्याशिवाय गालिचा बसवू नये.

वाळवणे हेही दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे

गालिच्याखालचा थर वाळला नाही तर गळती थांबूनही वास जात नाही. आसने काढायची असल्यास बॅटरीची तार सोडून काही मिनिटे थांबावे. आसनाखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या असतात, त्या जाणकाराकडूनच काढून घ्याव्यात. गालिचा उचलून खाली लाकडी ठोकळे ठेवावेत, थरात वर्तमानपत्रे दाबून ती वरचेवर बदलावीत आणि उघड्या दरवाजातून घरातील पंखा लावावा. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने नुसत्या काचा उघडून फारसे साधत नाही. त्यापेक्षा काचा बंद करून, आतलीच हवा फिरती ठेवून एसी चालवला तर हवेतील ओल निघून जाते. हे मोकळ्या जागेतच करावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. पत्रा उघडा पडलेला असेल तर गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून मगच गालिचा परत घालावा.

पुरात बुडालेली गाडी

गळतीचे नियम पुराला लागू होत नाहीत. पाणी चढत असताना गाडी वाचवण्याचा हट्ट सोडून माणसांनी आधी बाहेर पडावे; २००५ च्या प्रलयात मुंबईत मोटारींत अडकून काहींनी प्राण गमावले, ही आठवण विसरण्याजोगी नाही. पाणी ओसरल्यावर इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. इंजिनात गेलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत होणारे काम संपूर्ण इंजिनावर जाते. विद्युत मोटारीच्या नारिंगी तारांना हात लावू नये. पाण्याच्या खुणा दिसतील अशी छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला त्वरित कळवावे आणि गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी. सर्वसमावेशक विम्यात पुराच्या हानीचा समावेश असतो. केवळ थर्ड पार्टी विम्यात तो नसतो. पाणी शिरून नंतर इंजिन सुरू केल्याने झालेल्या नुकसानीसाठी मात्र इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. उल्हासच्या पुराबरोबर गाळ येतो, तर वालधुनीच्या पाण्यात सांडपाणी आणि रासायनिक कारखान्यांची घाण मिसळलेली असते. म्हणून गाडी केवळ वाळवून न भागता स्वच्छ पाण्याने धुऊन, भिजलेला थर टाकून देणेच श्रेयस्कर.

जुनी गाडी घेताना

मोठ्या पुरानंतर काही महिन्यांनी चकचकीत, स्वस्त गाड्या बाजारात येतात. व्यवहारापूर्वी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या तळाशी गाळाची रेघ राहते. आसनांच्या बोल्टवरील गंज, स्टेपनीच्या खळग्यातील बारीक माती, दिव्यांच्या आतील ओल आणि जुन्या गाडीत एकट्याच नव्या असलेल्या गालिच्याकडे संशयाने पाहावे. तीव्र अत्तराचा वासही बोलका असतो.

जूनपूर्वी एवढे करा

- वायपरखालची जाळी आणि दरवाजाच्या तळाची भोके साफ करा.
- सर्व रबरे कागदाच्या पट्टीने तपासा, ओल्या कपड्याने पुसा.
- एसी लावून गाडीखाली पाणी ठिबकते का, ते पाहा.
- स्टेपनी काढून खळगा तपासा.
- पहिल्या मोठ्या सरीनंतर चारही कोपऱ्यांत गालिच्याखाली हात घालून पाहा.
- विम्याचे कागद वाचा; इंजिन संरक्षण आहे का, याची खात्री करा.

गळतीचा शोध हे कौशल्यापेक्षा संयमाचे काम आहे. मे महिन्यातील एक रविवार आणि दोन बादल्या पाणी एवढ्या खर्चात जे उमगते, ते न पाहिल्यास काही पावसाळ्यांनंतर गंजलेल्या तळाच्या आणि वायरिंगच्या बिलात वाचावे लागते.